दुर्गम मार्गावरील वाहनाचे मागील डिफरन्शियल लॉक करण्याचे अल्पखर्चिक पर्याय : एक अभ्यास

सारांश

चिखल, खडक व तीव्र चढ असलेल्या कच्च्या मार्गावर वाहन अडकण्याचे कारण बहुधा इंजिनाची दुर्बलता हे नसते. मागील ॲक्सलमधील साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना समान आघूर्ण देते. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्या चाकाची पकड उपयोगात येत नाही. डिफरन्शियल लॉक करणे हा यावरील सर्वपरिचित उपाय होय. परंतु कारखान्यातून लॉकसह येणारे वाहन सर्वांनाच परवडणारे नसते आणि स्वस्त म्हणून केले जाणारे काही उपाय प्रत्यक्षात महाग व धोकादायक ठरतात. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचे तत्त्व सोप्या आकडेमोडीद्वारे स्पष्ट करून उपलब्ध पर्यायांची तुलना करण्यात आली आहे. उपाय स्वस्त आहे की महाग हे त्याच्या खरेदी किमतीवरून न ठरवता तो गरज संपल्यावर सोडवता येतो का, यावरून ठरवावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : डिफरन्शियल, डिफरन्शियल लॉक, आघूर्ण, घर्षण गुणांक, स्वतंत्र ब्रेक, ग्रामीण वाहतूक.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सातपुड्याच्या रांगा, सह्याद्रीचा घाटमाथा आणि गडचिरोलीचा वनप्रदेश येथील अनेक वाड्या-पाड्यांचा पावसाळ्यातील संपर्क आजही कच्च्या रस्त्यांवर अवलंबून आहे. भामरागडसारख्या तालुक्याच्या ठिकाणाचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे अनेक पावसाळ्यांत तुटत आला आहे. पुराच्या पाण्यावर कोणतेही वाहन हा उपाय नव्हे. परंतु पूर ओसरल्यानंतर मागे राहणारा चिखल, खचलेली साईडपट्टी आणि उघडे पडलेले दगड यांतून आरोग्य कर्मचारी, शिक्षक व धान्य घेऊन जाणारे वाहन पुढे सरकते की नाही, हा प्रश्न तेथील जीवनाशी थेट निगडित आहे. अशा मार्गावर अनेकदा जुनी जीप किंवा जिप्सी धावताना दिसते. वाहन फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही अडकते, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. या आश्चर्याचे उत्तर ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या गोल हाऊसिंगमध्ये दडलेले आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) डिफरन्शियलची आवश्यकता व मर्यादा यांचे विवेचन करणे.
२) मागील डिफरन्शियल लॉक केल्याने कर्षण बलात होणारा फरक उदाहरणाद्वारे दाखविणे.
३) अल्पखर्चिक पर्यायांची कार्यपद्धती, लाभ व धोके यांची तुलना करणे.
४) ग्रामीण भागातील वाहनधारकास उपयुक्त ठरेल असा निवडीचा क्रम सुचविणे.

डिफरन्शियलची आवश्यकता

वळण घेताना बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन मागील चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे असे मानू. ॲक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर आतील चाक ५.३ मीटर व बाहेरील चाक ६.७ मीटर त्रिज्येवर फिरते. काटकोनातील एका वळणात बाहेरील चाक सुमारे २.२ मीटर जास्त अंतर कापते. हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वळण मोठे असो वा लहान, काटकोनात वळताना फरक तेवढाच पडतो; लहान वळणात तो थोड्या अंतरात सामावावा लागतो, एवढेच. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसविली, तर हा २.२ मीटरचा फरक टायर घासूनच भरून काढावा लागेल.

ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची रचना फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी सिद्ध केली. आजच्या साध्या डिफरन्शियलचे तत्त्व तेच आहे. प्रोपेलर शाफ्टकडून आलेली गती पिनियन व क्राऊन व्हीलमार्फत एका पिंजऱ्यास मिळते. या पिंजऱ्यात आडव्या पिनवर फिरणारे छोटे स्पायडर गिअर असतात आणि ते दोन बाजूंच्या साईड गिअरमध्ये गुंतलेले असतात. प्रत्येक साईड गिअरमधून एक ॲक्सल शाफ्ट चाकापर्यंत जातो. सरळ मार्गावर स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत. वळणावर ते फिरतात व एका चाकाची जेवढी गती घटते तेवढीच दुसऱ्याची वाढवितात.

साध्या डिफरन्शियलची मर्यादा

स्पायडर गिअर हा तराजूच्या दांडीसारखा असतो. तो दोन्ही बाजूंस समान बलाने रेटतो. त्यामुळे साधे डिफरन्शियल गती असमान वाटू शकते, परंतु आघूर्ण, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील टॉर्क, असमान वाटू शकत नाही. एक चाक चिखलात सहज फिरू लागले की त्याला फिरविण्यास लागणारे आघूर्ण अल्प असते आणि तेवढेच अल्प आघूर्ण पकड असलेल्या चाकासही मिळते. म्हणून 'सगळी ताकद सुटलेल्या चाकाकडे जाते' हे प्रचलित विधान आघूर्णाच्या दृष्टीने अचूक नाही. सुटलेल्या चाकाकडे गती जाते. आघूर्ण मात्र दोन्हीकडे सारखेच कमी असते.

एक उदाहरण घेऊ. वाहनाचे एकूण वस्तुमान १,७०० किलो असून ते चारही चाकांवर सारखे विभागलेले आहे आणि केवळ मागील चाके चालवली जात आहेत, असे मानू. चढावर मागे सरकणारे वजन येथे सोपेपणासाठी विचारात घेतलेले नाही. प्रत्येक चाकावरील भार ४२५ किलो, म्हणजे सुमारे ४,१६९ न्यूटन होईल. डावे चाक ओल्या चिखलात आहे व तेथील घर्षण गुणांक ०.१५ आहे, उजवे चाक कोरड्या टणक जमिनीवर असून तेथील गुणांक ०.६ आहे. चिखलातील चाक जास्तीत जास्त ६२५ न्यूटन, तर टणक जमिनीवरील चाक २,५०२ न्यूटन बल पेलू शकते.

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना ६२५ न्यूटनच मिळतील. एकूण कर्षण १,२५० न्यूटन. लॉक केलेल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाके एकाच गतीने फिरत असल्याने प्रत्येक चाक आपापल्या पकडीइतके बल लावते. एकूण कर्षण ३,१२७ न्यूटन. आता ८ अंशांच्या चढावर हे वाहन चढविण्यास गुरुत्वाविरुद्ध सुमारे २,३२० न्यूटन आणि रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०४ धरल्यास त्यासाठी सुमारे ६६० न्यूटन, असे एकूण २,९८० न्यूटन बल लागते. पहिले वाहन जागचे हलणार नाही. दुसरे चढून जाईल. पहिल्या वाहनाची मजल जेमतेम २ अंशांच्या चढापर्यंतच जाते. येथे इंजिन, टायर व चालक तेच आहेत, बदल केवळ हाऊसिंगच्या आत झाला आहे.

फोर-व्हील-ड्राइव्हचे कोडेही येथेच उलगडते. ट्रान्सफर केसमध्ये फोर-व्हील गुंतविल्यावर पुढील व मागील प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी जोडले जातात. परंतु प्रत्येक ॲक्सलमधील डिफरन्शियल साधेच राहते. खडबडीत उंचवट्यावर पुढील डावे व मागील उजवे चाक अधांतरी झाले, की दोन्ही ॲक्सलची पकड एकाच वेळी संपते. उरलेली दोन चाके भक्कम जमिनीवर असूनही वाहन उभे राहते.

ट्रॅक्टरने दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेतकऱ्यास नवे नाही. ट्रॅक्टरला चालकाच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. काळ्या जमिनीत एक चाक रुतून फिरू लागले की चालक ट्रॅक्टर थांबवून किंवा अगदी मंद करून ते पेडल दाबतो. दोन्ही चाके एकत्र फिरतात व ट्रॅक्टर बाहेर निघतो. पाय काढल्यावर आणि चाकांवरील ताण कमी झाल्यावर लॉक स्प्रिंगमुळे सुटतो. चाक वेगाने फिरत असताना लॉक गुंतवू नये व लॉक असताना वळण घेऊ नये, हे दोन नियम अनुभवी ट्रॅक्टरचालक जाणतो.

ट्रॅक्टरमध्ये दुसरीही एक सोय असते. डाव्या व उजव्या मागील चाकास स्वतंत्र ब्रेक पेडल असते. शेतात ती दोन पेडले अलग वापरतात. रस्त्यावर येताना पट्टीने एकत्र जोडतात. फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबला तर त्या चाकास फिरविण्यास अधिक आघूर्ण लागते आणि डिफरन्शियलच्या समानतेच्या नियमानुसार तेवढेच अधिक आघूर्ण दुसऱ्या चाकास मिळते. अशा प्रकारे ट्रॅक्टरमध्ये दोन तत्त्वे एकत्र नांदतात : गरजेपुरता लॉक आणि एका चाकापुरता ब्रेक. पुढील सर्व पर्याय या दोन तत्त्वांच्या कसोटीवर तपासता येतात.

अल्पखर्चिक पर्यायांचे विवेचन

अ) विनाखर्च उपाय : टायरमधील हवा

लॉकचा विचार करण्यापूर्वी टायरमधील हवेचा विचार करणे अगत्याचे आहे. ३० पीएसआयच्या आसपासची हवा चिखल वा वाळूसाठी १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरविल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, रुतणे कमी होते व खडकावर टायर पृष्ठभागाचा आकार घेते. ज्या चाकाची पकड सर्वांत कमी आहे त्याचीच पकड वाढल्याने साध्या डिफरन्शियललाही त्याचा दुहेरी लाभ मिळतो. मात्र वेग मंद ठेवावा व पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी पंपाने हवा पूर्ववत करावी. एक हवा-मापक व एक पंप एवढाच याचा खर्च.

आ) हातब्रेकचा वापर : एक प्रचलित गैरसमज

अडकलेल्या वाहनाचा हातब्रेक अर्धवट ओढून ॲक्सिलरेटर दाबावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याची तपासणी आवश्यक आहे. वरील उदाहरणात हातब्रेकमुळे प्रत्येक मागील चाकावर १,००० न्यूटनइतका अवरोध आला, असे मानू. चिखलातील चाक फिरविण्यास आता ६२५ अधिक १,००० म्हणजे १,६२५ न्यूटनइतका जोर लागेल. साधे डिफरन्शियल तेवढाच जोर उजव्या चाकास देईल. परंतु उजव्या चाकावरही हातब्रेकचा १,००० न्यूटनचा अवरोध आहेच. तो वजा जाता पुन्हा ६२५ न्यूटनच उरतात. एकूण कर्षण पूर्वीइतकेच, १,२५० न्यूटन. म्हणजेच दोन्ही चाकांवर समान ब्रेक लावल्याने आदर्श साध्या डिफरन्शियलमध्ये काहीच लाभ होत नाही; प्रत्यक्षात डिफरन्शियलमधील अंतर्गत घर्षणामुळे जो किंचित लाभ होतो तेवढाच. शिवाय जुन्या विलीस-धाटणीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. तेथे हा उपाय तत्त्वतःच निरुपयोगी आहे.

आता ट्रॅक्टरप्रमाणे केवळ डाव्या चाकावर १,००० न्यूटनचा अवरोध लावला, तर उजव्या चाकास पूर्ण १,६२५ न्यूटन मिळतात व एकूण कर्षण २,२५० न्यूटन होते. फरक केवळ ब्रेक कोठे लावला याचा आहे.

इ) एका चाकापुरता ब्रेक

याच तत्त्वावर नव्या वाहनांतील ब्रेक-आधारित कर्षण नियंत्रण चालते. एबीएसचे सेन्सर कोणते चाक जास्त फिरते हे ओळखतात व तेवढ्याच चाकाचा ब्रेक लागतो. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीमध्ये अशीच सोय आहे. ही यंत्रणा असलेले वाहन घेणाऱ्याने वेगळ्या लॉकची घाई करू नये. आधी असलेल्या यंत्रणेस काम करू द्यावे. चाक फिरू लागताच अनेक चालक ॲक्सिलरेटर सोडतात व त्यामुळे यंत्रणेला काम करण्यास अवधी मिळत नाही. ॲक्सिलरेटर मंद व स्थिर ठेवणे हे येथील कौशल्य होय. ब्रेकमध्ये खर्च होणारी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून दीर्घ चढावर ब्रेक तापतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

जुन्या वाहनास डावा-उजवा स्वतंत्र ब्रेक बसविण्याचे प्रयोग स्पर्धेच्या गाड्यांत केले जातात. सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाच्या ब्रेकमध्ये असा बदल करणे मात्र इष्ट नाही. एका बाजूचाच ब्रेक लागून वाहन वळण्याचा धोका त्यात असतो.

ई) वेल्डिंग करून कायमचे लॉक करणे

स्पायडर व साईड गिअर एकमेकांना वेल्ड करणे हा खरेदी किमतीच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय होय. कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. कर्षणाचे वरील ३,१२७ न्यूटनही मिळतात. परंतु हा लॉक कधीच सुटत नाही. घरापासून त्या चिखलापर्यंतच्या प्रत्येक काटकोनी वळणात २.२ मीटरचा फरक टायर घासून भरून निघतो. ओल्या डांबरी रस्त्यावर वाहन सरळ रेटले जाते किंवा मागील बाजू घसरते. गिअरचे पोलाद पृष्ठकठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुकडा सुटल्यास क्राऊन व्हील व पिनियनही निकामी होऊ शकते.

शाफ्टवरील ताणाचाही विचार करावा लागतो. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर व खडकावरील घर्षण गुणांक ०.८ धरला, तर दोन्ही चाके जमिनीवर असताना एका चाकाची पकड सुमारे १,१६७ न्यूटन-मीटर आघूर्णाइतकी असते. लॉक असताना एक चाक अधांतरी झाले व ॲक्सलचा सर्व भार एकाच चाकावर आला, तर त्या एका शाफ्टवर सुमारे २,३३५ न्यूटन-मीटर, म्हणजे दुप्पट आघूर्ण येते. टायर मोठे केले असल्यास ते आणखी वाढते. तुटलेला ॲक्सल शाफ्ट, झिजलेले टायर व दुर्गम ठिकाणाहून वाहन ओढून आणण्याचा खर्च जमेस धरता वेल्डिंग हा स्वस्त उपाय राहत नाही. रस्त्यावर न येणाऱ्या, केवळ शेतात वा स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या वाहनापुरताच त्याचा विचार व्हावा. साईड गिअरच्या जागी अखंड तुकडा बसविण्याची 'स्पूल' पद्धत अधिक मजबूत असली, तरी रस्त्यावरील दोष तेच आहेत.

उ) जुन्याच पिंजऱ्यात बसणारा स्वयंचलित लॉकर

वाहनप्रेमींच्या बोलीत यास 'लंचबॉक्स लॉकर' म्हणतात. यात पिंजरा, क्राऊन व्हील व पिनियन जागेवरच राहतात; केवळ स्पायडर व साईड गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी चकत्यांच्या दोन जोड्या बसवितात. प्रत्येक जोडीतील बाहेरील चकती ॲक्सल शाफ्टवर बसते. आतील चकतीत आडव्या पिनसाठी खाच असते. इंजिनाचा जोर आला की पिन खाचेच्या उतारावर चढून आतील चकतीला बाहेर रेटते आणि दाते घट्ट गुंततात. वळणात बाहेरील चाक जमिनीमुळे पिंजऱ्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागले, की त्या बाजूचे दाते स्प्रिंग दाबून एकमेकांवरून सरकतात व ते चाक मोकळे धावते. त्या वेळी 'टक्-टक्' असा आवाज येतो. आतील चाक वाहन ओढत राहते.

याचा अल्प खर्च कशामुळे साधतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. संपूर्ण डिफरन्शियल बदलताना क्राऊन व्हील व पिनियन यांमधील फट डायल गेजने मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजून बसवावी लागते, बेअरिंगचा दाब जुळवावा लागतो आणि दातांवर रंग लावून त्यांचा स्पर्श कोठे होतो ते तपासावे लागते. हे कौशल्य सर्वत्र उपलब्ध नसते व चुकल्यास क्राऊन-पिनियन आवाज करू लागते आणि लवकर झिजते. लंचबॉक्स लॉकरमध्ये पिंजरा क्राऊन व्हीलपासून अलग करावा लागला नाही, तर हे मूळ मोजमाप बहुतांशी अबाधित राहते. मजुरीची बचत ही खरी बचत होय.

याचे दोषही सांगणे आवश्यक आहे. वळणात ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर हिसका जाणवतो. आखूड व्हीलबेसच्या वाहनात तो अधिक जाणवतो. मजबुती जुन्या पिंजऱ्याच्या मजबुतीइतकीच राहते. पिंजरा किंवा आडवी पिन झिजलेली असेल तर लॉकर बसवू नये. ॲक्सलच्या नेमक्या प्रकारास आणि शाफ्टवरील स्प्लाइनच्या संख्येस जुळणाराच संच घ्यावा व चकत्यांमधील फट निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे मोजूनच हाऊसिंग बंद करावे.

ऊ) मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल

क्लचपट्ट्यांवर किंवा विशिष्ट दंतचक्रांवर चालणारे हे डिफरन्शियल पकड असलेल्या चाकास दुसऱ्याच्या काही पट आघूर्ण देते. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये पुढे आणलेली 'टॉर्सन' रचना याच वर्गातील आहे. हे गुणोत्तर तीन मानल्यास आपल्या उदाहरणात उजव्या चाकास १,८७५ न्यूटन व एकूण २,५०० न्यूटन मिळतात. रस्त्यावरील वर्तन सौम्य असते, हा मोठा गुण. परंतु एक चाक पूर्ण अधांतरी झाले तर शून्याची तिप्पट शून्यच राहते. हातब्रेकचा उपाय कामी येतो तो येथे. दोन्ही चाकांवर ५०० न्यूटनचा अवरोध लावला, तर पकड असलेल्या चाकास १,५०० न्यूटन मिळून त्यातील ५०० वजा जाता १,००० न्यूटन उरतात. टॉर्सन असलेल्या हमव्ही या अमेरिकी लष्करी वाहनाच्या चालकांना ॲक्सिलरेटरबरोबर ब्रेक दाबण्याचे शिक्षण दिले जाते, त्याचे कारण हेच होय.

ए) यांत्रिक स्वयंलॉक व इच्छेनुसार लॉक

ईटन कंपनीचे यांत्रिक लॉक डिफरन्शियल २०१५ मध्ये महिंद्रा थारच्या मागील ॲक्सलमध्ये आले. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतील फिरती वजने बाहेर फेकली जाऊन लॉक गुंतते. ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर ते गुंतत नाही. चालकास काहीच करावे लागत नाही. मात्र चाक थोडे फिरल्यावरच लॉक लागतो, हे ध्यानात ठेवून ॲक्सिलरेटर द्यावा लागतो.

चालकाच्या इच्छेनुसार गुंतणारा लॉक केबल, हवा किंवा वीज यांवर चालतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ मधील गुरखा या वाहनास पुढे व मागे दोन्हीकडे असे लॉक दिले. सुटा असताना हा साध्या डिफरन्शियलसारखा व गुंतला की पूर्ण लॉक असतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या पेडलचीच ही प्रगत आवृत्ती. खरेदी व बसवणूक या दोन्हींचा खर्च यात सर्वाधिक असतो. हवेवर चालणाऱ्या प्रकारास कॉम्प्रेसर व नळ्या लागतात; त्याच कॉम्प्रेसरने टायर भरता येतात, हा अनुषंगिक लाभ. जुने वाहन विकून कारखान्यातूनच लॉकसह आलेले वापरलेले वाहन घेणे, हा पर्याय कित्येकदा अशा बसवणुकीपेक्षा स्वस्त पडू शकतो, म्हणून त्याचा हिशेब आधी मांडावा.

कायदा व सुरक्षितता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा कठोर अर्थ लावला आहे. म्हणून बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे व विमा कंपनीस कळविणे श्रेयस्कर. संस्थेच्या अथवा शासकीय वाहनाबाबत तर हे अपरिहार्यच मानावे.

जुने वाहन घेताना त्याचे डिफरन्शियल वेल्ड केलेले आहे का, हे सहज तपासता येते. पुढील चाकांना अडण लावून मागील ॲक्सल भक्कम स्टँडवर उचलावा, इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे आहे. एकही चाक फिरत नसेल तर ते लॉक आहे. याच कारणास्तव लॉकर असलेल्या वाहनाचे एकच मागील चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नये. जमिनीवरील दुसरे चाक वाहन जॅकवरून पुढे ढकलते.

निष्कर्ष व शिफारशी

१) साध्या डिफरन्शियलचा दोष हा शक्तीच्या अभावाचा नसून समान आघूर्णाच्या नियमाचा आहे. पकड सुटलेल्या चाकास अवरोध देणे किंवा दोन्ही चाके एकत्र बांधणे, हे दोनच मूलभूत उपाय आहेत.

२) खर्चाचा क्रम टायरची हवा व चालककौशल्य, असलेल्या ब्रेक-आधारित यंत्रणेचा योग्य वापर, जुन्या पिंजऱ्यात बसणारा लॉकर आणि शेवटी इच्छेनुसार लॉक असा ठेवावा. खालची पायरी अपुरी ठरल्यावरच वरची चढावी.

३) दोन्ही चाकांवरील हातब्रेक साध्या डिफरन्शियलमध्ये जवळजवळ निरुपयोगी, तर मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमध्ये उपयुक्त आहे. चालक-प्रशिक्षणात हा भेद स्पष्टपणे शिकविला जावा.

४) रुग्ण, विद्यार्थी किंवा धान्य वाहून नेणारे वाहन डांबरी रस्ता व कच्चा मार्ग दोन्हींवर धावते. अशा वाहनाचे डिफरन्शियल वेल्ड करू नये. गरज संपल्यावर न सुटणारा लॉक पकडीचा प्रश्न सोडवताना वळणाचा प्रश्न निर्माण करतो.

५) औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळांत भंगारातील एक डिफरन्शियल कापून ठेवल्यास वरील सर्व तत्त्वे विद्यार्थ्यांस हाताने फिरवून पाहता येतील. दुर्गम भागात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे घेणाऱ्या महाविद्यालयांनी भाड्याचे वाहन ठरविताना 'फोर-व्हील आहे का' याबरोबरच 'मागे लॉक आहे का आणि तो सुटतो का' हेही विचारावे. विज्ञानाचा हा छोटासा प्रश्न पावसाळ्यात शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचण्याशी जोडलेला आहे.